सत्तावीस नंबरची सीट

वाहेदचाचांचं गॅरेज दिंद्रुडच्या रस्त्याला. रात्री लाईट गेली की गावातली तरणी पोरं तिथल्या जुन्या टायरांवर येऊन बसतात. परवा कुणीतरी बद्रीनाथला जायचा विषय काढला, तसे चाचा म्हणाले, "जा की. पर बशीत मानसं मोजली की आपला नंबर आपनच बोला. दुसऱ्याला बोलू देऊ नगा."

"कावून, चाचा?"

चाचांनी विडी विझवली आणि त्यांच्या भाच्यावर, अशफाकवर गुदरलेलं सांगितलं. खोटं वाटलं तर अशफाकला विचारा. तो अजून गाडी चालवतो, फक्त डोंगराकडं जात नाही.

अशफाक तेव्हा विजयसिंहाच्या यात्रेच्या बसवर ड्रायव्हर होता. विजयसिंह मोठा गोडबोल्या. चमोली जिल्हा तर त्याला तोंडपाठ. जोशीमठ आलं की माइकवर सुरू, "इथल्या नरसिंहाचं मनगट बारीक व्हायलंय. तुटलं की डोंगराला डोंगर भिडतील अन् बद्रीनाथाची वाट बंद!" पुढं माणा गावात, भीमपुलावर उभा राहून सांगायचा, "पांडव ह्याच वाटेनं स्वर्गाला गेले. द्रौपदी पडली, पर कुनी मागं वळून बघितलं न्हाई." वसुधारा धबधब्याचं पाणी पाप्याच्या अंगावर पडत नाही, हेही रंगवून सांगायचा. स्वतः मात्र तिथवर कधी चढला नाही. शहाणाच होता म्हणायचा!

माणसं मोजायची त्याची रीत अशी: त्यानं "बोला" म्हणायचं, आणि प्रत्येकानं आपला नंबर मोठ्यानं सांगायचा. शेवटचा, सत्तावीस नंबर छबुबाईचा. शिरूर कासारची म्हातारी, उभा जन्म ऊसतोडीत गेलेला. नाव कोरलेला पितळी गडू घेऊन आली होती. वसुधारेचं पाणी आणून परळीच्या वैजनाथाला घालायचं, एवढंच तिचं मागणं.

२०२३चा ऑक्टोबर सरत आला होता. बस माणा गावात थांबवून छबुबाई गडू घेऊन धबधब्याकडं गेली आणि बर्फ पडायला लागलं. अंधाराआधी जोशीमठ गाठायचं होतं. बाकीचे यात्रेकरू कानटोप्या ओढून, शाली गुंडाळून बसलेले. विजयसिंह बसच्या मागच्या टोकाला जाऊन म्हणाला, "बोला." सव्वीसपर्यंत आकडे आले, मग बस गप्प झाली.

"सत्तावीस," मागून बारीक बायकी आवाज आला.

अशफाकनं आरशात बघितलं. बोलणारा विजयसिंहच होता. सत्तावीस नंबरची सीट रिकामी होती.

"मालक, म्हातारी?"

"गाडी काढ बे! येईल मागच्या गाडीनं."

आणि अशफाकनं गाडी काढली. भाचा असला तरी चाचा त्याची ही चूक झाकत नाहीत. वर दोन दिवस बर्फ पडलं. छबुबाई सापडली नाही, तिचा गडूही नाही. तिच्या लेकाला विजयसिंहानं सांगितलं, "आपल्या मनानंच गेली. आमी लई अडवलं."

पुढच्या वर्षी १९ मे, रविवार, एकादशीची रात्र. सकाळी नवी यात्रा निघायची होती. बिघडलेला माइक परळीहून दुरुस्त करून विजयसिंह आणि अशफाक रिकाम्या बसनं परत येत होते. उकाड्यानं अंगाची लाही होत होती. शिरसाळा मागं पडलं. अकरा चाळीसला इंजिन बंद पडलं.

माइक खरखरला. तो तर पिशवीत होता.

"एक."

मागच्या अंधारातून आला तो आवाज.

"दोन... तीन..."

आवाज वेगवेगळे. ओळखीचे. त्या यात्रेतले. अशफाकनं आरशात बघितलं. सगळ्या सीटा रिकाम्या.

"पंचवीस... सव्वीस..."

मग काहीच नाही.

काचांवर वाफ धरली. मे महिन्यात दोघांचे दात वाजायला लागले.

"मालक..." म्हातारा, थकलेला आवाज. "माजा नंबर कोन बोललं?"

विजयसिंहानं बोट केलं. "हा! हा ड्रायव्हर बोलला!"

अशफाकला रडू फुटलं. "न्हाई, आई. बोललो न्हाई मी. पर मला दिसलं हुतं... अन् मी गाडी काढली. माझं चुकलं."



मग पुन्हा... "एक."

या वेळी भराभर. जवळ. आणखी जवळ.

"सव्वीस..."

विजयसिंहानं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. बोटांमधून आवाज आलाच. तोच. बारीक, बायकी.

"सत्तावीस."

दार आपोआप उघडलं. विजयसिंह उठला. उतरला. नांगरलेल्या उघड्या रानात चालायला लागला. चढण चढावी तसा, वाकून.

"मालक! मागं बघा! मालक!"

त्यानं मागं बघितलं नाही.

चांदणं लख्ख होतं. आडोशाला झाड नाही, बांध नाही. अशफाक बघत होता आणि बघता बघता रानात कुणी नव्हतं.

पोलिसांनी आठ दिवस रान, विहिरी पालथ्या घातल्या. विजयसिंह आजतागायत सापडलेला नाही.

इंजिन मात्र त्या रात्री पहिल्या चावीला सुरू झालं. अशफाक तडक या गॅरेजवर आला आणि चाचा हातातली बॅटरी पेटवून बसमध्ये चढले. सत्तावीस नंबरच्या सीटवर पितळी गडू होता, काठोकाठ भरलेला. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलं होतं: छबुबाई.

चाचांनी पाण्यात बोट घातलं. वर बर्फाचा पापुद्रा होता.