पाणी मारायचे सात दिवस

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. पण हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय. तेही रात्री-बेरात्री नाही, ऐन उन्हाळ्यात, दुपारी दोनच्या टळटळीत उन्हात.

मामा गवंडी. पण इमारती बांधणारा नव्हे. कुठे बाहेरच्या भिंतीचा पोपडा उडाला, कुठे ताटाएवढा गिलावा पडला, की मामाला बोलावणं यायचं. असल्या किरकोळ कामाला मोठे गवंडी हात लावत नाहीत. लोकांनी मामाचं नावच 'ठिगळ' पाडलं होतं.

"एवढ्याशा तुकड्याचे एवढे पैसे?"

हे वाक्य त्याने जन्मभर ऐकलं. त्याचं उत्तरही ठरलेलं. "तुकडा छोटा असला तरी काम तेवढंच. पोकळ झालेलं सगळं पाडायचं, दोन थर द्यायचे, वर रोज पाणी मारायचं. सात दिवस माझी फेरी आलीच की! पाणी मिळालं नाही तर गिलावा तडकतो."

पाण्यावाचून काय होतं, हे मामाला चांगलं ठाऊक होतं.

ते घर गल्लीच्या टोकाला होतं. पिवळं, दुमजली. घरात एक बाई आणि तिची सासू. नवरा परगावी नोकरीला.

मागच्या भिंतीचा गिलावा पडला होता. शेजारची खिडकी बंद. मामाने थापीच्या दांड्याने भिंत वाजवून पाहिली. भरीव गिलावा खणखणतो, पोकळ असला तर बद्द वाजतो.

टक. टक. टक.

आणि आतून...

टक. टक. टक.

मामा दचकला. बाई मागेच उभी होती. हसून म्हणाली, "सासूबाई आहेत. अंथरुणाला खिळल्यात. भिंतीलाच खाट आहे त्यांची. लक्ष देऊ नका, खोडच आहे त्यांना."

मामाने पुन्हा वाजवलं. पुन्हा आतून टकटक. त्या गोंधळात पोकळ कुठे नि भरीव कुठे, काही कळेना. मामाचं डोकं सणकलं. भिंतीला तोंड लावून तो ओरडला, "आजी, गप्प बसा ना जरा! काम करू द्या!"

आत एकदम शांत झालं.

पहिल्या दिवशी एक थर, दुसऱ्या दिवशी दुसरा. तिसऱ्या दिवसापासून मामा दुपारी यायचा, बादलीतून मगाने भिंतीवर पाणी मारायचा आणि जायचा.

पाणी भिंतीवर आपटलं की आतून तीन टकटक व्हायच्या.

चौथ्या दिवशी टकटकीबरोबर आणखी काहीतरी ऐकू आलं. मामाने ओल्या भिंतीला कान लावला.

"पाणी..."

मामाच्या हातातला मग तसाच राहिला. वळून बघतो तर बाई मागच्या दारात उभी.

"ही मागची भिंत अख्खीच करून घ्यावी म्हणतेय," ती शांतपणे म्हणाली. "वरच्या मजल्यासकट. पण माणूस आपल्या कामाशी काम ठेवणारा हवा."

जन्मभर ठिगळं लावलेल्या माणसाला पहिल्यांदाच कुणीतरी अख्खी भिंत देत होतं.

मामाने मला हे सांगितलं तेव्हा तो रडत होता. "मला कळलं होतं रे. तेव्हाच कळलं होतं."

पण त्या दिवशी त्याने फक्त मान डोलावली. उरलेलं पाणी भिंतीवर मारलं आणि घरी जाऊन जेवला.

पाचव्या दिवशी दोनच टकटक.

सहाव्या दिवशी एक.

सातव्या दिवशी...

दारात माणसं जमली होती. म्हातारी गेली होती. डॉक्टरांनी लिहिलं, वयोमानाने. बाई हंबरडा फोडत होती, चारजणी तिला सावरत होत्या.

मामा खोलीत डोकावला. दाराला कडी बाहेरून होती. भांडं नाही, तांब्या नाही. खाटेशेजारची भिंत ओली होती. चार इंची भिंत ती, बाहेर मारलेलं पाणी आत झिरपलं होतं. तेवढ्याच जागेचा रंग गेला होता. गुळगुळीत झाली होती भिंत...

चाटून चाटून.

म्हातारीच्या ओठांवर चुन्याची भुकटी होती. इतके दिवस मामाने तिला जगवलं होतं, मरायला वेळ लागावा म्हणून.

बाहेर पडताना बाई डोळे पुसत हळूच म्हणाली, "सोमवारी सुरू करा."

आणि मामाने सोमवारी काम सुरू केलं! लाज वाटते सांगायला, पण केलं.

भिंत पुरी झाली. मामाने पाणी मारलं. एक बादली, दोन, दहा...

खाली जमिनीवर थेंब पडेना.

सगळं पाणी भिंत पीत होती. आतून आवाज येत होता... घटाघट पिण्याचा.

मामा थापी तिथेच टाकून पळाला. पुन्हा त्याने कधी थापी हातात धरली नाही.

आता तो अंथरुणालाच आहे. खाट भिंतीलगत. दिवसभर पाणी मागतो. कितीही प्यायला तरी तहान भागत नाही. डॉक्टर म्हणतात, तपासणीत काही निघत नाही.

मागच्या आठवड्यात मी भेटायला गेलो होतो. दुपारचे दोन वाजले असतील. मी त्याला उठवून बसवलं आणि तांब्या दिला. तो अधाशासारखा पिऊ लागला.

टक. टक. टक.

मामी स्वयंपाकघरातून ओरडली, "लक्ष देऊ नको रे, खोडच आहे त्यांना! दिवसभर भिंत वाजवत बसतात."

मी मामाकडे पाहिलं.

तांब्या त्याने दोन्ही हातांनी धरला होता.

मामीला मी काहीच बोललो नाही. तेव्हापासून मी तिकडे गेलेलो नाही. रोज दुपारी दोन वाजले, की माझाच घसा कोरडा पडतो.