खणातला खेळाडू

खड् खड् खड्!

भर दुपारच्या सामसुमीत बंद खणातल्या बॉबिन थरथरल्या, आणि पलंगावर लोळणारी तिन्ही भावंडं ताडकन उठून बसली.

"उंदीर!" भुंगा म्हणाला. हा ताईचा सहा वर्षांचा धाकटा भाऊ. सारखी भुणभुण करायचा, म्हणून भुंगा.

"उंदीर तालात नाचतो होय रे?" मामेभावानं टोमणा हाणला. त्याची टोपी अंघोळीपुरतीच डोक्यावरून उतरायची, त्यामुळे त्याचं नावच टोपी पडलं होतं. पण आत्ता त्याचाही आवाज जरा चिरकलाच.

ही आजोबांची खोली. ते शिलाई मशीन दुरुस्त करायचे. गेल्या हिवाळ्यात ते गेले, आणि तेव्हापासून इथे फारसं कुणी बसत नव्हतं. अजूनही खोलीला मशीनच्या तेलाचा वास येत होता.

ताईनं श्वास रोखून खण ओढला. सुया, पट्टे, बॉबिन, आणि त्यांच्यामध्ये आजोबांचा जुना फोन!

"हात्तिच्या! सकाळी आपणच ठेवला होता की. मामाचा खेळ वाजतोय," ती म्हणाली.

मामानं शब्दांचा खेळ बनवला होता आणि सुट्टीभर तो तपासायचं काम मुलांना दिलं होतं. "नेट बंद ठेवूनच खेळा," त्यानं बजावलं होतं. "सगळी शब्दयादी फोनमध्येच साठवलीय. तुमच्या समोरचा भिडू म्हणजे फोनच. एक शब्द तुम्ही मांडायचा, एक तो. कुठे अडला तर सांगा."

पडद्यावर 'तुमची पाळी' असं चमकत होतं. त्याखाली फोननं आपला शब्द मांडला होता. ताईनं तो वाचला आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

भुंगुटराव.

"अय्या, हा तर मी!" भुंगा ओरडला.

त्याला भुंगुटराव एकच माणूस म्हणायचा.

"कुणीतरी बाहेरून खोडी काढतंय," टोपी कुजबुजला.

"कुठून काढणार? फ्लाइट मोड चालू आहे, बघ!"

टोपीनं 'पाणी' मांडलं. फोन क्षणभर थांबला. मग एकेक अक्षर सरकत आलं. टो-पी-खा-न-सा-हे-ब.

टोपीनं चक्क टोपी काढली!

आजोबांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज कायमचा गेला. शेवटचं वर्षभर ते याच फोनवर टाइप करून बोलायचे, आणि बोलता बोलता नवेनवे शब्द घडवायचे. हट्टी मशीनला 'कुरकुरीबाई', बेचव औषधाला 'थुथुरस', आणि घरच्या माणसांना ही असली नावं. ते फोन पुढे करायचे आणि वाचणारा हसेपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहायचे.

"ताई," भुंगा अगदी हळू म्हणाला, "आजोबा आत आहेत?"

ताईला पळून जावंसं वाटत होतं. पण तिनं फोन छातीशी धरला. "थांबा. यादीत असेल तोच शब्द फोन खेळतो. मग हे शब्द यादीत घातले कुणी? चला मामाकडे!"

मामा शेजारच्या खोलीत, वायरींच्या गुंत्यात बसला होता. त्यानं मान वर न करताच सगळं ऐकलं.

"अरे, ते होय! यादी तोकडी पडत होती. हाताशी जो फोन होता, त्याच्या कीबोर्डनं शिकलेले शब्दही त्यात ओतले. बघितलं कुणी! नंतर संगणकानं सांगितलं, कोशात नसलेला नुसता कचरा आलाय."

"कचरा?" ताईचा आवाज चढला.

"आता काढलाय गं. साफ केलेली यादी सर्व्हरवर चढवलीय. फोनला नेट मिळालं की ती उतरेल आणि जुनी आपोआप पुसली जाईल."

"आणि कीबोर्डमधले शब्द?"

"तुम्हाला फोन देण्याआधीच कीबोर्ड कोरा केला. आण इकडे!"

म्हणजे आता ते शब्द जगात फक्त या फोनच्या पोटात होते! ताईनं फोन पाठीमागे लपवला. पण मामाचे हात लांब. त्यानं फोन काढून घेतला, फ्लाइट मोड बंद केला, आणि...

"अरेच्चा, वायफाय कुठे गेलं?"

"हे काय इथे!" दारात टोपी उभा होता. हातात राउटरचा प्लग, चेहऱ्यावर विजयी हसू. "पप्पा, आधी तिचं ऐका, मग देतो!"

"गाढवा, लाव ते आधी!"

"मामा, एकच डाव खेळ," ताई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "फक्त एक. मग तू म्हणशील तसं."

मामानं वैतागून 'दिवा' मांडला. फोन थांबला. या वेळी जरा जास्तच थांबला, असं ताईला वाटलं. मग अक्षरं सरकू लागली.

खुळखुळशेठ.

मामा मटकन खुर्चीत बसला. "बाबा मला असंच म्हणायचे," तो म्हणाला. "फोन कुणाचा आहे ते मी बघितलंच नाही गं. माझ्या हातून काय झालं असतं!"

त्यानं स्वतःच पुन्हा फ्लाइट मोड लावला आणि वायर जोडून फोनमधली यादी संगणकात उतरवून ठेवली.

संध्याकाळी ताईची आई कामावरून आली. सगळं ऐकून तिनं तिघांना एकदमच कवेत घेतलं. "शाबास रे पोरांनो! माझ्या बाबांचं बोलणं राखलंत तुम्ही."

"आणि मला खेळाडूंनी हरवलं," मामा म्हणाला. "आता हे शब्द खेळात राहणार म्हणजे राहणार!"

मग सगळे पडद्याभोवती दाटीवाटीनं बसले आणि आजोबांचा एकेक शब्द ज्याच्या त्याच्या पदरात पडू लागला. सुईबाई म्हणजे आजी. गुणगुणमाय म्हणजे आई. सगळे हसत होते, मध्येच डोळे पुसत होते.

शेवटी एकच शब्द उरला. झुळूकराणी.

"ही कोण?" आईनं मामाकडे पाहिलं. मामानं नकारार्थी मान हलवली. घरात कुणालाच आजोबांनी कधी असं म्हटलं नव्हतं.

भुंगा ताईच्या मांडीवर सरकला आणि त्यानं तिची बाही ओढली.

"ताई, आजोबा गेले, हे तिला कुणी सांगितलंय का?"