दहा नंबरचं गिऱ्हाईक

त्या दिवशी बाबांची दाढ दुखत होती, म्हणून हत्यारांच्या दुकानात काउंटरवर ती एकटीच होती. वरच्या फळीवरचा गोट्यांचा खोका तिच्या हातून सटकायला आणि तो दारातून आत यायला एकच गाठ पडली.

गोट्या म्हणजे खेळायच्या नव्हेत. मेकॅनिक लोक नट फिरवायला वापरतात त्या, लोखंडी आणि पोकळ. दुकानभर घरंगळल्या. एक तर थेट त्याच्या बुटाला जाऊन टेकली.

"पाय हलवू नका," ती स्टुलावरून म्हणाली.

"नाही हलवत," तो म्हणाला, आणि तिथेच उकिडवा बसून वेचू लागला.

ती खाली उतरली तोवर त्यानं सगळ्या गोट्या काउंटरवर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. आकडे न वाचता, नुसत्या बोटांनी चाचपून. नखांच्या कडांना ग्रीसचं काळं होतं, पण हात किती सावकाश चालत होते... तिनं त्याच्याकडे बघितलं, त्यानं तिच्याकडे बघितलं, आणि मग दोघंही गोट्या बघण्यात गर्क झाले.

"काय देऊ?"

तो गडबडला. कशाला आलो हेच बहुधा विसरला होता. समोरच्या ओळीतली एक गोटी उचलून म्हणाला, "ही... दहा नंबर."

आता दहा नंबरची गोटी ही मोठी अवली वस्तू. इंजिनात दहा नंबरचे नट जागोजागी, आणि हातातून सुटली की ती कुठल्या फटीत जाऊन बसेल याचा नेम नाही. ज्याची ही गोटी कधी हरवली नाही असं गॅरेज शोधून सापडायचं नाही. त्यामुळे पुढच्या आठवड्यात तो पुन्हा तीच मागायला आला, त्याच्या पुढच्या आठवड्यातही आला, तेव्हा तिला त्यात वावगं काही वाटलं नाही.

"परत हरवली?"

"परत."

"खिशाला भोक आहे का?"

"खिसा बरा आहे. लक्ष ठिकाणावर नसतं."

"गाडी दुरुस्त करताना लक्ष कुठे असतं मग?"

यावर तो नुसता हसायचा आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल व्हायचा. बाबांनी त्याचं नावच पाडलं. "तुझा दहा नंबर आला बघ," म्हणायचे, आणि नेमकं तेव्हाच त्यांना मागच्या खोलीत काहीतरी काम निघायचं.

एकदा तो म्हणाला, नट सोडवायला बॅटरीवरची गन घ्यायची आहे. तिनं कपाटातून दोन काढल्या.

"डब्यावरचे आकडे वाचू नका. हातात धरून बघा. गाडीखाली हात वर करून तासन्‌तास धरायची आहे, वजन आधी बघायचं." तिनं गन त्याच्या हातात दिली. बोटं बोटांना लागली, आणि कुणीच लगेच काढून घेतली नाहीत. "आणि एक... सोडवायला गन खुशाल वापरा, पण आवळायची वेळ आली की हातानंच. गनच्या घाईत आटे जातात. मग नट धड बसत नाही, धड निघत नाही."

"घाई करायची नाही," तो अगदी शिकवणीला बसल्यासारखा म्हणाला.

"अजिबात नाही."

हा सल्ला आपल्यालाच किती महागात पडणार आहे, याची तिला त्या वेळी कल्पना नव्हती. त्याच दिवशी तिची कानामागे खोचलेली लाल पेन्सिलही हरवली. तिनं सगळं दुकान पालथं घातलं आणि शेवटी राग बाबांवर काढला.

मग काकांचा फोन आला. त्यांनी दुसऱ्या शहरात मोठं दुकान काढलं होतं. काउंटर हिनं सांभाळावं, हत्यारांची अशी जाण दुसऱ्या कुणाला नाही, रविवारी संध्याकाळपर्यंत काय ते कळवावं. बाबा म्हणाले, "तुझं तू ठरव." काम चांगलं होतं, तिला आवडणारं होतं. अडचण एकच होती, ती म्हणजे दहा नंबर. ती त्याच्या प्रेमात पडली होती, यात आडपडदा कशाला ठेवायचा? पण तो आपल्यासाठी येतो की गोटीसाठी, हेच तिला उमगत नव्हतं. गोटीसाठी येणाऱ्या माणसापायी इथे बसून राहण्याइतकी आपण खुळी नाही, असं तिचं निदान म्हणणं तरी होतं.

"मी बहुतेक इथून जाणार," पुढच्या खेपेला ती त्याला म्हणाली. "त्याआधी तुमचं गॅरेज एकदा लावून देते. नाहीतर जन्मभर गोट्याच विकत घेत बसाल."

"जाणार?" त्याचा चेहरा उतरला. मग म्हणाला, "या रविवारी. पसारा... पुष्कळ आहे."

पसारा होता खरा. ट्रॉलीचे कप्पे उपडे पडलेले, स्क्रूड्रायव्हर तेलाच्या ट्रेमध्ये, ग्राइंडर जमिनीवर, पकडी नि हातोड्या एकमेकांच्या गळ्यात. तिनं बाह्या सरसावल्या.

"रोज लागतं ते कमरेच्या उंचीला, म्हणजे वाकायला नको," ती सांगत होती आणि तो निमूटपणे हातात देत होता. "विजेची हत्यारं वेगळ्या फळीवर. बॅटऱ्या चार्जरजवळ, तेलापासून लांब. आणि पाने नंबरानं लावा, लहान डावीकडे."

"लहान डावीकडे," तो म्हणाला.

काम करता करता तिला एक गोष्ट खटकू लागली. एवढ्या पसाऱ्यात एकाही पान्यावर गंज नव्हता. प्रत्येक मुठीला निळ्या रंगाचं बारीक कडं काढलेलं होतं, आणि तेही एकाच उंचीवर.

तेवढ्यात त्याची आई चहा घेऊन आली आणि दारातच थबकली.

"अरे देवा, हे काय करून ठेवलंस? सकाळी सगळं जागच्या जागी होतं की."

"आई, चहा ठेव ना."

"लहानपणी दुसऱ्यांच्या चपलासुद्धा ओळीत लावणारा मुलगा हा," आई तिला सांगू लागली. "आज काय अंगात आलं कुणास ठाऊक, उठल्यापासून कप्पे उपडे करत बसलाय. आणि भिंतीवर माझी चांगली चादर कशाला टांगलीस रे?"

आई चहा ठेवून गेली.

"भिंतीला ओल आलीय," तो पुटपुटला.

तिनं चादर ओढली. मागे मोठी फळी होती. प्रत्येक हत्याराची जागा पांढऱ्या रंगानं आखलेली, ज्याचा आकार त्याचंच घर. खालच्या खिळ्यांवर दहा नंबरच्या गोट्या लटकत होत्या, एकीलाही तेलाचा डाग लागलेला नव्हता. आणि मधोमध, नीट आखलेल्या जागेत, तिची लाल पेन्सिल.

तिला हसावं की रागवावं कळेना. हातात नेमकी हातोडी होती, ती तिनं आधी खाली ठेवली.

"म्हणजे हरवत नव्हत्या."

"नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हीच म्हणालात... घाईत आटे जातात."

"अहो, ते नटाचं होतं!" ती उसळून म्हणाली. "मला आज संध्याकाळी काकांना उत्तर द्यायचंय. गोट्या मोजून मी अंदाज बांधायचा का? काय असेल ते तोंडानं सांगा."

"चहा... गार होतोय," तो म्हणाला.

तिनं पेन्सिल काढून कानामागे खोचली. "दुकान संध्याकाळपर्यंत उघडं आहे," एवढं म्हणून ती निघाली. दारातून वळून बघितलं तेव्हा तो फळीवरच्या रिकाम्या जागेकडे बघत उभा होता.

संध्याकाळी ती फोन समोर ठेवून बसली होती. रडायचं नाही असं ठरवून झालं होतं, ते जमत नव्हतं एवढंच. तेव्हा तो आला. नखं घासघासून लाल केलेली, शर्ट धुतलेला.

"काय देऊ?" तिचा हात सवयीनं गोट्यांच्या कप्प्याकडे गेला.

"काही नको."

तिचा हात तिथेच थांबला.

"काही घ्यायचं नाही," तो म्हणाला. "तुम्हाला भेटायला आलोय. दरवेळी त्यासाठीच येत होतो. मला तुम्ही फार आवडता. पहिल्या दिवशी तर मी गोटी घ्यायलाही आलो नव्हतो, रस्ता विचारायला आलो होतो."

"कुठला रस्ता?"

"आता आठवत नाही."

ती हसली, डोळे पुसता पुसता हसली. तेवढ्यात फोन वाजला.

"काका, चार दिवस येऊन दुकान लावून देते," ती म्हणाली. "पण काउंटरला दुसरं कुणी बघा... कारण? कारण नंतर सांगते. गिऱ्हाईक उभं आहे."

फोन ठेवून तिनं कानामागची पेन्सिल काढली आणि त्याच्या शर्टाच्या खिशात खोचली.

"नेऊन जागेवर लावायची," ती म्हणाली. "लावलीय की नाही, ते मी रोज येऊन बघणार आहे."