न पुरलेली नाळ

बेलवलीच्या बकुळाचं दुखणं काही जगावेगळं नव्हतं. गुडघे. सेहेचाळिसाव्या वर्षी ती जिना उतरायची तो कठडा कवटाळून, एकेक पायरी मोजत.

"वहिनी, तुझे गुडघे वाजले की मला वाटतं कोणी पापड मोडतंय," नणंद संजीवनी म्हणायची. तीच तिला उल्हासनगरच्या एका दवाखान्यात घेऊन गेली.

"नाळेतल्या पेशी आहेत," डॉक्टर सुई भरत म्हणाला.

"कोणाच्या नाळेतल्या हो?"

"पाय बरा करायचाय की चौकशी?"

बकुळाने समोरचा संमतीचा कागद ओढला. साडी घेताना तासभर पदर चोळून बघणारी बाई, इथे मात्र न वाचता सही करून मोकळी झाली.

आठवड्यात ती जिने पळत चढायला लागली. मग एका दुपारी भाजीला निघाली, तर पाय मंडईकडे वळेचनात. थांबायला गेली, थांबेनात. रणरणतं ऊन, रस्त्यात चिटपाखरू नाही, आणि तिचेच पाय तिला फरफटवत थेट अंबरनाथच्या पालेगावात...

नव्या बिल्डिंगांच्या मागे एक कौलारू घर. अंगणात ओल्या मातीचा आणि नासक्या दुधाचा वास. शेवग्याखाली हातभर खड्डा, कडेला एक म्हातारी.

"आयलीस?"

"मावशी, मी... पत्ता चुकले."

"तू चुकलीस. त्यो नाय चुकला." म्हातारीने, बनूबाईने, तिच्या उजव्या गुडघ्याकडे बोट केलं. "माजा नातू. दोन दिसांचा गेला. नाल अंगनात पुरायची आमची रीत. हॉस्पिटलात मागाया गेलो, तर बोलले, फेकली. फेकली नाय... इकली. उतर खड्ड्यात. दे त्याची त्याला."

पाय उतरायला लागलेच. माती घोट्याला भिडली, बर्फासारखी, आणि गुडघ्यात जुनी कळ सणकली. बकुळाला कठडा आठवला. खालून उठताना दर वेळी मागावा लागणारा हात आठवला. तिने शेवग्याला मिठी मारून पाय उपसला.

"नाही देणार! सही केलीय मी!"

बनूबाईने शांतपणे खड्ड्यात माती लोटली, हाताने थापटली.

"बरं. मंग तूच वाढव."

संध्याकाळी घरी येऊन बकुळा पाय धुवायला बसली. गुडघा अजिबात दुखत नव्हता. तेवढ्यात वाटीखालचं कातडं आतून वर आलं... मागे गेलं. पुन्हा आलं.

बकुळाची दोन बाळंतपणं झालेली. आतून मारलेली लाथ तिला कळते.