दार उघडण्याआधी

बस अशी. दिवा असू दे तिथेच. मावशी कशी घाबरली होती ते ऐकायला मिळेल असं तुला वाटत असेल, तर निराश होशील. शेवटचा जिना सोडला तर मी घाबरले नव्हते. माझ्या कामावर माझा पक्का भरवसा होता, आणि तो आजही आहे.

आमची कंपनी लिफ्ट चालवणारं सॉफ्टवेअर करायची. लिहिलेला कोड तपासायला एक प्रोग्रॅम असतो, अगदी खडूस मास्तरासारखा. चूक दिसली की लाल अक्षरात सुनावतो. कशाला चूक म्हणायचं, ते नियम प्रत्येक प्रोजेक्टच्या एका छोट्याशा फाइलमध्ये असतात. आमच्याकडे या फाइलींचा नुसता सावळागोंधळ होता. ज्याच्या मनाला येईल ते त्याने घुसडलेलं. मी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहिली. ती आपली आपण प्रत्येक प्रोजेक्टमध्ये जायची, जुने नियम काढून नवे एकसारखे बसवायची आणि या नव्या नियमांप्रमाणे फालतू ठरलेल्या ओळी कोडमधूनही उडवायची. माणसाने बोट लावायला नको. सगळीकडे काम बिनबोभाट झालं. राहिला तो टॉवरचा प्रोजेक्ट.

टॉवर म्हणजे गावाबाहेरची आमची चाचणीची इमारत. आत खोल्या नाहीत. मधे शाफ्ट, म्हणजे लिफ्टची केबिन वर-खाली जाते ती उभी पोकळी, त्याला वेढून चढणारा जिना आणि माथ्यावर एकच कंट्रोल रूम. तिथला कॉम्प्युटर बाहेर कशालाच जोडलेला नव्हता, म्हणून लॅपटॉप घेऊन मीच गेले. भर दुपार होती, पण धुकं इतकं दाट, की टॉवर अर्ध्यातच संपल्यासारखा वाटत होता.

तिथल्या मेकॅनिकला सगळे मामा म्हणायचे. त्यांनी मला लिफ्टने वर नेलं. लिफ्टचं दार थेट खोलीतच उघडायचं. ग्रीसचा आणि ओल्या लोखंडाचा वास नाकात बसला.

"तुमचं चालू द्या. मी खाली मोटर बघून येतो," म्हणून मामा त्याच लिफ्टने खाली गेले. केबिन उतरल्याची घरघर बराच वेळ ऐकू येत राहिली. मग काहीच नाही. खिडकीबाहेर पांढरं, आत पंख्याची बारीक गुणगुण.

लॅपटॉप तिथल्या कॉम्प्युटरला वायरने जोडून मी स्क्रिप्ट चालवली. एका जुन्या नियमावर ती अडली. लाल अक्षरं आली: 'दार उघडण्याआधी केबिन समोर आहे का तपासा.' ही तपासणी नव्या कोडमध्ये दुसरीकडे होते, अशी माझी खात्री होती. मी नियम काढला. पुन्हा चालवली. नियम जागेवर, फक्त शब्द कमी झालेले: 'आधी तपासा.'

कुणीतरी जुनी स्क्रिप्ट मागे ठेवून गेलंय, मी म्हटलं. शोधली. नव्हती. चालू असलेला एकेक प्रोग्रॅम बंद केला, नियम स्वतःच्या हाताने पुसला आणि फाइलला कुलूप घातलं. या खेपेला स्क्रिप्ट सरळ पार पडली. तपासणीची ओळ कोडमधून गेली आणि नवा कोड आपोआप लिफ्टवर चढला. मी हुश्श केलं. जिंकल्यासारखंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

वायर काढली, लॅपटॉप उघडाच हातावर घेतला आणि लिफ्टचं बटण दाबलं. लगेच दार सरकलं. मी स्क्रीनकडे बघतच पाय उचलला... आणि पडद्यावर लाल अक्षरं आली.

'केबिन खाली आहे.'

वायर माझ्या दुसऱ्या हातात लोंबत होती.

मी मान वर केली. समोर केबिन नव्हतीच. काळा शाफ्ट, त्यात हलणारे दोर, आणि खालून तोंडावर येणारी थंड हवा. चाचणीसाठी तिथल्या दारांची कुलपं काढून ठेवली होती. कोड म्हणेल तेव्हा दार उघडणार. तो कोड मी बदलला होता, आणि ती दुसरीकडची तपासणी टॉवरच्या कोडमध्ये नव्हतीच.

पाय मागे घेतला. इंटरकॉम उचलला. "मामा, लिफ्टमध्ये शिरू नका. जिन्याने या."

ते धापा टाकत चढून येईपर्यंत मी वायर जोडून नियमही परत बसवला आणि तपासणीची ओळही. एक अक्षर चुकलं नाही. नंतर तोच नियम मी आमच्या सगळ्या प्रोजेक्टमध्ये घातला, त्याच स्क्रिप्टने. स्क्रिप्टचा दोष नव्हता. काय पुसायचं हे मी तिला सांगितलं होतं.

मामांना सगळं सांगितलं. ते दाराकडे बघत राहिले.

"इथे कुणी पडलं होतं का, मामा?"

"छे. टॉवर बांधला तेव्हापासून मी आहे. कुणाला साधं खरचटलेलं नाही."

"मग हा नियम कुणाचा?"

"ते मला काय कळतंय, बाई..."

आम्ही लिफ्ट वर मागवली. केबिन आली, नीट थांबली, मगच दार उघडलं. आत कुणी नव्हतं. मामा पाय टाकणार, तेवढ्यात त्यांची नजर आतल्या वजनाच्या काट्यावर गेली. रिकाम्या केबिनमध्ये काटा एका धडधाकट माणसाचं वजन दाखवत होता.

"काटा बिघडला असेल," मी म्हटलं.

"सकाळीच लावलाय मी." मामांचा आवाज एकदम हळू झाला. "जिन्याने जाऊ."

आम्ही उतरू लागलो. भिंतीपलीकडे केबिनही उतरू लागली. बटण कुणी दाबलं नव्हतं. आम्ही एका मजल्यावरच्या लिफ्टच्या दाराशी दम खायला थांबलो, तीही थांबली. निघालो, तीही निघाली. मामांनी माझं मनगट धरलं होतं, घट्ट.

तळाशी पोचलो तेव्हा केबिन आमच्या आधी येऊन उभी होती, दार उघडं टाकून. मामांनी लांबूनच मान वाकवून काटा पाहिला. काटा शून्यावर होता.

"उतरला," मामा पुटपुटले.

"कुठे?"

आम्ही दोघंही जमिनीवर उभे होतो, एकमेकांना धरून, श्वाससुद्धा रोखून... आणि जिन्यावरून पावलं अजून उतरत होती.