शेपटाचा दोरा

कारखान्यात तीस वर्षं मी मापं तपासली. माझ्या हातून वाकडी वस्तू कधी पुढे गेली नाही, असं लोक म्हणतात. लोकांचं काय जातं म्हणायला!

दादा गेल्यावर महिन्याभराने वहिनीने मला बोलावून घेतलं. त्याने केलेलं शेवटचं छोटं विमान टेबलावर तसंच होतं. हातभर लांबीचं, हलक्या लाकडाचं. पंख बसवलेले, शेपूट मात्र सुटं.

"शेपूट तुम्हीच बसवायचं, असं सांगून गेलेत, भावजी. रविवारी पोरगी उडवणार आहे."

"मीच का?"

"आता ते मी कुणाला विचारू? 'आमचा मापाडी' म्हणायचे ना तुम्हाला."

लहानपणापासून शेपूट माझ्याकडेच असायचं. विमानाच्या नाकावर मधोमध टाचणी टोचायची, तिला दोरा बांधायचा, तो शेपटाच्या डाव्या टोकापर्यंत ताणून खूण करायची. मग तोच दोरा उजव्या टोकाला न्यायचा. खूण जुळली की शेपूट सरळ. पोरखेळच म्हणा ना.

चाळीस वर्षांपूर्वी छोट्या विमानांची स्पर्धा होती, तिच्या आदल्या दिवशीही मीच दोरा ताणला होता. पहिल्या येणाऱ्याला विमानविद्यालयात फुकट प्रवेश मिळणार होता. घरात उठता-बसता दादाचं कौतुक चालायचं आणि माझ्या अंगाची आग व्हायची. मी शेपटाचं उजवं टोक नखभर मागे सरकवलं, गोंद लावला आणि "जुळलं" म्हणालो. दुसऱ्या दिवशी विमान डावीकडे वळत गेलं आणि भिंतीवर आपटलं. दादाने पुढे जन्मभर एका गोदामात खोकी मोजली. मला मात्र एका शब्दाने बोलला नाही. त्याला ठाऊकच नाही, असं मी धरून चाललो होतो.

गुरुवारी मी शेपूट बसवलं. दोरा जुळला. शुक्रवारी सकाळी पाहिलं तर उजवी बाजू नखभर लांब भरली. गोंद वाळताना ओढतो कधी कधी. मी तो सोडवला, शेपूट पुन्हा बसवलं, दोन्ही बाजूंनी टाचण्या टोचल्या. दुपारी मोजलं. नखभर. टाचण्या जागच्या जागी होत्या.

शनिवारी गोंद लावून मी समोर खुर्ची टाकून बसलो. दोन तास नजर हलवली नाही. शेपूटही हललं नाही. डोळ्यांदेखत ते तसंच वाळलं.

दोरा ताणला. नखभर.

घरात फक्त भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज होता. दादाच्या खुर्चीच्या पाठीवर त्याचा स्वेटर अजून तसाच होता.

"जुळलं का?" वहिनी दारात उभी होती.

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. शब्द ओठांवर आले होते. पण उतारवयात वहिनीसमोर मान खाली घालायची? माझ्याने होईना.

"थोडं राहिलंय," मी म्हणालो.

ती आत गेली. मी पॉलिश पेपर घेतला आणि शेपटाचं उजवं टोक नखभर घासून टाकलं. शेपूट वाकडं ते वाकडंच राहिलं, पण दोरा जुळला.

"जुळलं," मी हाक मारून सांगितलं.

रविवारी मैदानावर वारा अजिबात नव्हता. पुतणीने विमान सोडलं. ते वर चढलं, डावीकडे वळलं, वळतच राहिलं आणि कुंपणाच्या खांबावर आपटलं. पोरगी रडायला लागली. वहिनी नाही रडली. तिने तुकडे ओंजळीत गोळा केले.

"तेव्हाही असंच डावीकडे गेलं होतं म्हणे."

"हं."

"शेवटपर्यंत म्हणत होते, मापाडी एकदा तरी आपणहून सांगेल."

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

घरी आलो. दादा चाळीस वर्षं वाट पाहत बसला होता, आणि मला स्वतःची शिसारी आली.

मोरीत हात धुवायला गेलो. साबण लावला, तळवे एकमेकांवर घासले, जुळवले.

उजव्या हाताची बोटं खाली राहिली होती.

मी मनगटं नीट जुळवून पुन्हा पाहिलं. चारही बोटं, नखभर.

दुखत नव्हतं. रक्तही नव्हतं. फक्त टोकं गुळगुळीत लागत होती, आणि साबणाच्या पाण्यात लाकडाचा बारीक भुसा तरंगत होता.