रिकाम्या खुर्चीवरचा कावळा

"खबरदार, या भिंतीले चुना लावशीन तर!"

ग्रामपंचायतीच्या भिंतीला पाठ लावून संजीवनी उभी राहिली. चुना फासायला आलेला कचरू गांगरला.

"माह्यावर काऊन चिडतं पोरी? सरपंचाचा हुकूम हाये!"

भिंतीवर गावचा आठवडी बाजार होता. संजीवनीच्या मनकर्णा आत्यानं उन्हाळाभर खपून तो रंगवला होता. मधोमध लिंबाखाली एक रिकामी खुर्ची आणि खुर्चीवर कावळा! हिंमतराव नुकतेच सरपंच झालेले. "खुर्चीवर कावळा बसला बे!" म्हणत लोक फिदीफिदी हसले, आणि हिंमतरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुपारपर्यंत भिंत पांढरी झालीच पाहिजे, असं त्यांनी बजावलं.

"आत्या, अर्थ सांगून टाक ना त्याईले!"

"चित्राले वकील लागत नाही," आत्या ब्रश धूत म्हणाली. आत्या मोडेल पण वाकणार नाही. संजीवनीला तिचा राग आला आणि अभिमानही वाटला.

मलकापूरहून सुट्टीला आलेला मामेभाऊ हर्षल चित्राला नाक लावून उभा होता. "हे पाह्य! खुर्चीच्या हाताले तांब्याची पट्टी ठोकली हाये. मनानंच काढली असती, तर पट्टी कायले लागली असती?"

"म्हणजे ही खुर्ची खरी हाये! चाल, शोधू!"

संजीवनीचा धाकटा भाऊ गोपाल चुन्याच्या ड्रमवर फतकल मारून बसला. "जा तुम्ही! मी काही उठत नाही!"

हॉटेल पाहिलं, गिरणी पाहिली, सलूनही पालथं घातलं. शेवटी तीच तांब्याची पट्टी असलेली खुर्ची सापडली ती खुद्द हिंमतरावांच्या गोठ्यात, ढेपेच्या पोत्याखाली!

"आजी, ही कोणाची?"

हिंमतरावांची आई अन्नपूर्णाबाई थबकल्या. "आमच्या मालकाची. बाजारात लिंबाखाली बसत. भाकरीचा पह्यला घास कावळ्याले टाकत, मंग सोता खात. ते गेले, तरी तो कावळा कितीक दिवस या खुर्चीवर येऊन बसे. मनकर्णा तवा तिथंच भाजी विके."

गुडघेदुखीमुळे म्हातारीनं भिंत पाहिलीच नव्हती! हर्षलनं खुर्ची उचलली, संजीवनीनं आजीला धरलं आणि तिघांनी पंचायत गाठली. तिथं हिंमतराव गोपालचा कान पिळत होते.

"सोड त्याले!" अन्नपूर्णाबाई कडाडल्या. मग चित्रातल्या खुर्चीवर हात ठेवून त्या रडू लागल्या. "हिंमत, तुह्या बापाची खुर्ची तुले वयखू आली नाही? मेल्या माणसाचा घास कोण शिवते रे? कावळाच ना? आन् तुले त्यात टिंगल दिसली!"

हिंमतरावांनी समोरची खुर्ची पाहिली, भिंतीवरची पाहिली. त्यांची मान खाली गेली.

"शाब्बास रे पोरंहो! तुम्ही नसते, तर आज म्या माह्या बापावरच चुना फासला असता." ते आत्याकडे वळले. "मनकर्णाबाई, आता या खुर्चीत आमच्या बाबाले बसवा. चांगला फेटा-बिटा बांधून!"

"नाही," आत्या म्हणाली. "खुर्ची रिकामीच राहीन."

हिंमतरावांच्या भुवया वर गेल्या. अन्नपूर्णाबाईंनी पदरानं डोळे पुसले.

"राहू दे बाबू. रिकामी हाये, म्हणून तर मले ते दिसले."